खुनांचे प्रमाण : परंपरा आणि न्यायसंस्था

दर एक लाख लोकसंख्येमागे वर्षाला किती खून होतात, यावरून देशादेशांची तुलना केली जाते. जपानमध्ये हे प्रमाण एकापेक्षाही पुष्कळ कमी आहे. एल साल्वादोरमध्ये २०१५ साली ते शंभरावर गेले होते. ही तफावत केवळ मनुष्यस्वभावाने उलगडत नाही.

या दृष्टीने अल्बानियाचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील डोंगराळ भागात ‘कानून’ नावाची रूढींची संहिता पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. खुनाचा बदला घेणे हे तीत कुटुंबाचे कर्तव्य मानले जाई. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कम्युनिस्ट राजवटीने ही प्रथा कठोरपणे दडपली. परंतु १९९७ साली फसव्या गुंतवणूक योजना कोसळल्या, शासनयंत्रणा ढासळली आणि शस्त्रागारे लुटली गेली. त्या वर्षी खुनांचे प्रमाण कित्येक पटींनी वाढले. जुनी वैरेही उफाळली. पुढे शासनयंत्रणा सावरत गेली, तसे हे प्रमाण उतरले.

मात्र केवळ दंडशक्ती पुरेशी नसते. शेजारच्या कोसोव्होतही अल्बानियन समाजात हीच प्रथा होती. तेथे १९९० पासून लोकसाहित्याचे अभ्यासक अँतोन चेत्ता आणि तरुण विद्यार्थी अशा कुटुंबांच्या घरी जाऊन समेट घडवू लागले. दोन-तीन वर्षांत शेकडो वैरे मिटली. दिलेला शब्द पाळणे आणि क्षमा करणे ही मूल्येही त्याच परंपरेत होती. त्यांनाच या कार्यकर्त्यांनी आवाहन केले.

तात्पर्य, न्याय मिळेल असा भरवसा हवा आणि क्षमा करणाऱ्याची समाजात मानहानी होता कामा नये. गावातील बांधाचा तंटा मिटविणाऱ्यांनीही ही दोन्ही सूत्रे ध्यानी ठेवावीत.