अर्जात खोटं नको, आणि कमीही नको



मागच्या महिन्यात एका ताईंचा नोकरीचा अर्ज भरायला बसले होते. 'अनुभव' हा रकाना आला तसं त्या म्हणाल्या, "काही नाही लिही गं, मी घरीच असते." या ताई 6 वर्षं गटाच्या सचिव आहेत!

आता माझी चूक सांगते. शिक्षण संपल्यावर पहिल्याच अर्जात मी 'संगणकाचे उत्तम ज्ञान' असं ठोकून दिलं. येत होतं फक्त टायपिंग. मुलाखतीत मॅडमनी संगणकासमोर बसवलं आणि बचतीचा तक्ता करून बेरीज लावायला सांगितली. मला घाम फुटला. त्यानंतर मी गावात केलेल्या खऱ्या कामाबद्दल त्यांनी एक प्रश्नही विचारला नाही. एका खोट्यापायी माझं खरंही वाया गेलं.

म्हणून अर्ज भरताना एवढं लक्षात ठेवा:

1. शिक्षण कागदाप्रमाणेच लिहा. बारावीला बसलात पण पास झाला नाहीत, तर 'दहावी उत्तीर्ण' लिहा. मूळ गुणपत्रक तपासतात. खोटं निघालं तर लागलेली नोकरीही जाऊ शकते.

2. गुणपत्रकावर माहेरचं नाव असेल तर लपवू नका. विवाह नोंदणीचा दाखला जोडा.

3. गटाचं काम हाही अनुभवच आहे. आपली पंचसूत्री आठवा: बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे. यातलं तुम्ही स्वतः काय करता ते आकड्यासह लिहा. त्या ताईंचं आम्ही असं लिहिलं: '6 वर्षे बचत गटाची सचिव. 11 सदस्यांच्या बचत व कर्जाच्या नोंदी ठेवते, इतिवृत्त लिहिते, बँकेत भरणा करते.' यात एक अक्षर वाढवलेलं नाही. पुरावा हवा तर गटाचं इतिवृत्त आहेच, त्यावर त्यांची सही आहे.

4. येत नाही ते विचारल्यावर सरळ सांगा: "संगणक येत नाही, मोबाईलवर फॉर्म भरते, शिकायची तयारी आहे." यात लाज कसली?

पुढच्या बैठकीत करून पाहा: प्रत्येकीने आपल्याला येणारी तीन कामं सांगायची. शेजारी बसलेल्या ताईने दोनच गोष्टी पाहायच्या: हिने जास्त तर सांगितलं नाही ना? आणि काही सांगायचं राहिलं तर नाही ना?

माझा अंदाज आहे, राहिलेलंच जास्त निघेल.

तुमची समन्वयक