अभ्यास पाठ : सहल आपली, वारही आपलाच!
गर्दी टाळून महाबळेश्वर-पाचगणी कसं बघायचं?



मागच्या पाठात आपण गटाचं वार्षिक नियोजन बघितलं. त्यात बऱ्याच गटांनी 'सहल' असं एका ओळीत लिहिलंय. कुठे जायचं ते लिहिलंय. पण कोणत्या वारी, किती वाजता निघायचं आणि आधी काय बघायचं, हे कुणीच लिहिलेलं नाही. सहल चांगली होणार की वाया जाणार, हे नेमकं यावरच ठरतं. म्हणून आजचा पाठ त्यावर.

आधी आमच्याच गटाची फजिती सांगते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही २२ जणी मिनीबस करून महाबळेश्वरला निघालो. मे महिना, शनिवार. पोरांना सुट्टी म्हणून तो दिवस धरला. सगळ्यांचं आवरून निघायला साडेसात वाजले. वाई ओलांडून पसरणीच्या घाटाला लागलो आणि गाडी थांबली ती थांबलीच. पुढे गाड्या, मागे गाड्या. उन्हात अडीच तास. आमच्यातल्या एक काकू साठीच्या पुढच्या. त्यांनी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. का? तर वाटेत जायची सोय कुठं असंल का नसंल, या भीतीनं. वर पोचेपर्यंत त्यांचं डोकं गरगरायला लागलं. वेण्णा तलावावर बोटीची रांग बघूनच आम्ही मागे फिरलो. दर महिन्याला पै-पै बाजूला टाकून जमवलेले पैसे, आणि बघितलं काय? काकू म्हणाल्या, "डोंगर बघाया आले हुते, गाड्या बघून आले."

काकूंची ती पहिलीच सहल होती. आपल्यातल्या कितीजणींना असा दिवस पाच-दहा वर्षांतून एकदा मिळतो. तो रस्त्यात उभं राहून घालवायचा नाही, यासाठी हा पाठ.

गर्दी का होते?

महाबळेश्वर तालुका मोठा आहे, डोंगर पुष्कळ आहे. तरी गर्दी होते, कारण सगळे एकाच वारी, एकाच रस्त्याने, एकाच वेळी, त्याच चार-पाच ठिकाणी जातात.

वार बघा. शनिवार, रविवार आणि त्याला जोडून आलेली सुट्टी. शिवाय दिवाळीचा आठवडा, नाताळ ते १ जानेवारी आणि पूर्ण मे महिना.

रस्ता बघा. पुणे-मुंबईकडच्या गाड्या वाईवरून पसरणी घाट चढतात. वाई ते पाचगणी सुमारे १२-१३ किलोमीटर, तिथून महाबळेश्वर आणखी १८-१९. या एकाच रस्त्यावर सगळा भार.

वेळ बघा. मुक्कामाला आलेले लोक नाश्ता करून दहा-अकराला बाहेर पडतात. अकरा ते पाच पॉइंटवर झुंबड. संध्याकाळी सगळे सूर्यास्त बघायला बॉम्बे पॉइंटवर. अंधार पडला की सगळे एकदम परत.

हे एकदा कळलं की उपाय आपोआप सुचतो.

उपाय १ : रविवार सोडा

रविवार ही नोकरदारांची सुट्टी. आपली कधी होती? उलट रविवारी पोरं घरात, मालक घरात, पाहुणेही रविवारीच. त्या दिवशी आपलं काम वाढतं. तरी सहल म्हटलं की आपण रविवार धरतो. ही सवय सोडायची.

मंगळवार, बुधवार, गुरुवार यातला एक वार धरा. ठरवताना तीन गोष्टी तपासा. आपल्या गावच्या बाजाराचा दिवस नको. गटाच्या बैठकीचा किंवा बँकेच्या हप्त्याचा दिवस नको. शेतात काढणी-मळणीची घाई नको. "पोरांच्या शाळेचं काय?" असा प्रश्न येणारच. एका दिवसासाठी सासूबाई, जाऊबाई किंवा सहलीला न येणारी शेजारीण पोरांकडे बघेल. पुढच्या वेळी आपण तिच्या पोरांकडे बघायचं. आणि घरी सांगताना 'जाऊ का?' असं विचारू नका. 'अमुक बुधवारी आमच्या गटाची सहल आहे' असं पंधरा दिवस आधी सांगून ठेवा.

महिना कोणता? जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा काळ चांगला. हवा थंड, आकाश स्वच्छ आणि स्ट्रॉबेरीचा हंगाम भरात. फक्त २६ जानेवारी आणि १९ फेब्रुवारी जवळ असेल तर ते दिवस टाळा. शिवजयंतीला प्रतापगडावर मोठी गर्दी असते.

उपाय २ : पहाटे निघा, लांबचं आधी बघा

गेल्या वर्षी रथसप्तमी झाल्यावर एका बुधवारी आम्ही परत गेलो. काकूंनाही नेलं. आमच्याकडून वाई दोन तासांवर आहे. आमचा दिवस असा होता :

• पहाटे पावणेपाचला निघालो. आदल्या दिवशी ड्रायव्हरदादांना सांगून ठेवलं होतं, रात्री पुरती झोप झालेली पाहिजे.
• सातला वाईच्या एसटी स्टँडवर थांबलो. स्वच्छतागृह, चहा. साडेसातला घाट चढलो. रस्ता मोकळा.
• पाचगणीत आणि बाजारात थांबलो नाही. थेट क्षेत्र महाबळेश्वर गाठलं. हे गावापासून सुमारे ६ किलोमीटर पुढे आहे. महाबळेश्वराचं दर्शन, मग पंचगंगेचं मंदिर. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम इथे मानतात. शेजारीच कृष्णाबाईचं जुनं दगडी मंदिर आहे. तिकडे फार लोक जात नाहीत. आम्ही अर्धा तास निवांत बसलो.
• तिथून पुढे आर्थर सीट. सगळ्यात लांबचा पॉइंट. दहाच्या आत पोचलो. खाली सावित्रीचं खोरं, पलीकडे कोकण. मोजून पाच-सहा गाड्या होत्या.
• अकराला आम्ही परत फिरलो, तेव्हा समोरून गाड्यांची रीघ लागली होती.

लक्षात घ्या, लोक जवळचं बघत बघत लांब जातात. आपण लांब जाऊन जवळ यायचं. म्हणजे आपण आणि गर्दी समोरासमोर येतो, पण एकाच ठिकाणी अडकत नाही. बोटीत बसायचंच असेल तर तेही सकाळी, बोटी सुरू होताना उरका. सूर्यास्ताचा नाद सोडा. तो आपल्या शेतातूनही दिसतो.

उपाय ३ : दुपारी वेगळ्या वाटेला जा

गर्दीची वेळ दुपारची. त्या वेळी आपण भिलारला जायचं. पाचगणीजवळचं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ पासून 'पुस्तकांचं गाव' झालंय. गावातल्या घरांमध्ये, मंदिरात, शाळेत मराठी पुस्तकं ठेवलीत. कुणीही जावं, बसावं, वाचावं. एका घरात गोष्टींची पुस्तकं, दुसऱ्यात संतसाहित्य, तिसऱ्यात मुलांची. आमच्यातली एकजण म्हणाली, "आपल्या गटाच्या खोलीतबी एक कपाट बसंल की!" त्या कपाटाचं काम सध्या चालू आहे.

खाली उतरल्यावर वाईजवळ मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट. 'स्वदेस' सिनेमाचं चित्रण या भागात झालंय. चार वाजता घाटाच्या पायऱ्यांवर सावली असते. मग वाईचा ढोल्या गणपती आणि घरचा रस्ता. आठला घरी.

उपाय ४ : आपल्या बाजूचा घाट धरा

सातारा, कराड, सांगली, कोल्हापूरकडच्या गटांनी वाईला जायचं कारण नाही. साताऱ्याहून मेढा-केळघरमार्गे सरळ महाबळेश्वर येतं. कोकणातल्या मैत्रिणींना पोलादपूरहून आंबेनळी घाट आहे, वाटेत प्रतापगडही होतो. पण हा घाट पावसाळ्यात नको. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत तिथे दरडी कोसळून रस्ता खचला होता.

कास पठाराची फुलं बघायची असतील तर साधारण ऑगस्ट अखेर ते ऑक्टोबरची सुरुवात हा हंगाम. पाऊस कसा झालाय त्यावर तो मागेपुढे होतो. कास हे २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. हंगामात तिथे माणसांची संख्या मर्यादित ठेवतात आणि ऑनलाइन बुकिंग असतं. गटातल्या मोबाईल येणाऱ्या मुलीकडून ते आधी करून घ्या. इथेही शनिवार-रविवार नको. फुलांत बसून फोटो काढू नका. पायाखाली गेलेलं फूल बी धरत नाही.

पैशाचा हिशेब

सहलीसाठी गटाच्या कर्जाला किंवा फिरत्या निधीला हात लावू नका. महिना ५० रुपये वेगळे जमवले तर वर्षाला एकीचे ६०० होतात. त्याची नोंदही वेगळ्या पानावर करा. मधल्या वारी गाडीचं भाडं आणि राहायची खोली, दोन्हीला घासाघीस करता येते.

आठ-दहाजणीच असाल तर गाडी कशाला? १७ मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजनेत एसटीच्या तिकिटात महिलांना ५० टक्के सवलत आहे. पंचाहत्तरी पार केलेल्या आजींना प्रवास मोफत आहे, त्यांचं आधार कार्ड बरोबर घ्या. महाबळेश्वर आगारातून दर्शनाच्या बसबद्दल आधी फोनवर चौकशी करा.

एक सावधगिरी

गर्दी नको म्हणजे अगदी निर्मनुष्य जागा हवी, असं नाही. जिथे चार टपऱ्या आहेत, दोन कुटुंबं आहेत, तिथेच थांबा. कड्याच्या कठड्याबाहेर पाय नको. तीन-तीनच्या जोड्या करा. अंधार पडायच्या आत घाट उतरा. शिदोरी झाकून ठेवा, माकडं पिशवी ओढतात. आणि स्वच्छतागृहाचे थांबे आधी ठरवून सगळ्यांना सांगा, म्हणजे कुणी तहान मारणार नाही.

आणखी एक. रस्त्याकडेला स्ट्रॉबेरी, गाजरं, तुती घेऊन बसलेली ताई आपल्यासारखीच आहे. सुट्टीच्या गर्दीत गाड्यांना तिच्यापुढे थांबता येत नाही. मधल्या वारी आपण थांबू शकतो. दोन रुपयांसाठी तिच्याशी ताणू नका. आम्ही तिच्या हातावर तिळगूळ ठेवला, तर तिने ओंजळभर स्ट्रॉबेरी वर घातली.

बैठकीत करायचं काम

१. येत्या वर्षातले जोडून सुट्टी असलेले दिवस कॅलेंडरवर लाल पेनाने खोडा.
२. उरलेल्यांतून तीन वार निवडा. बाजार, बैठक, हप्ता आणि शेतीची कामं तपासून एक नक्की करा.
३. जायची ठिकाणं लांबून जवळ अशा क्रमाने लिहा. पाचपेक्षा जास्त नकोत.
४. थांबे आणि स्वच्छतागृहाच्या जागा लिहा.
५. आजवर एकदाही सहलीला न गेलेली सदस्य कोण? तिला काय अडचण आहे ते विचारा आणि वार तिच्या सोयीने ठरवा.

पाचवा मुद्दा सोडू नका. परतताना काकू खिडकीशी बसल्या होत्या. पाण्याची बाटली रिकामी झाली होती. म्हणाल्या, "पुढच्या साली बुधवारच धरा गं."

तुमच्या गटाचा वार ठरला की ग्रामसंघाच्या बैठकीत सांगा. सहलीचा अनुभव लिहून पाठवा, पुढच्या अंकात छापू.