वायतुरा

तासगाव तालुका १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात मोडत असे. त्याच साताऱ्याचे नाव शास्त्रज्ञांनी एका रानफुलास दिले आहे. अपोनोजेटॉन सातारेन्सिस हे त्याचे शास्त्रीय नाव. मराठीत त्यास वायतुरा म्हणतात.

सह्याद्रीच्या माथ्यावर जांभ्या दगडाची सपाट पठारे आहेत. पावसाळ्यात तेथील उथळ खळग्यांत पाणी साचते व त्यात वायतुरा उगवतो. त्याच्या दांड्याच्या टोकास तुऱ्याच्या दोन शाखा फुटतात. नरफुले एका झाडावर, तर मादीफुले दुसऱ्या झाडावर येतात. पाणी आटले की पाने सुकतात. परंतु मातीतील कंद पुढील पावसापर्यंत जिवंत राहतो.

तासगावच्या काळ्या रानात हे फूल होत नाही. साताऱ्याजवळील कास पठारासारख्या मोजक्याच ठिकाणी ते आढळते. कास पठाराचा २०१२ साली जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. तरीही खळगा बुजला अथवा कंद पायदळी तुडवले गेले, तर तेथील वायतुरा नाहीसा होईल. म्हणून सहलीस जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी फूल तोडू नये. खळग्यात न उतरता, कडेला उभे राहून त्याचे चित्र काढावे.

स्वाध्याय : खळगा कोरडा पडल्यावर वायतुरा कशाच्या आधारे जगतो?