टपालाच्या थैलीपासून जागतिक विमानसेवेपर्यंत : एअर इंडियाची वाटचाल

दिनांक १५ ऑक्टोबर १९३२. कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून एका इंजिनाचे ‘पस मॉथ’ जातीचे लहानसे विमान सकाळी आकाशात झेपावले. त्यात प्रवासी नव्हते. होती ती केवळ टपालाची थैली. लंडनहून इम्पीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत आलेली पत्रे पुढे हिंदुस्थानात त्वरेने पोहोचविणे, हा या उड्डाणाचा हेतू होता. विमान चालवीत होते जे. आर. डी. टाटा. भारतात वैमानिकाचा पहिला परवाना १९२९ साली त्यांनाच मिळाला होता. अहमदाबादेस इंधन भरून ते दुपारी मुंबईत जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून पुढील प्रवासाची जबाबदारी नेव्हिल विन्सेंट यांनी स्वीकारली आणि बेल्लारीमार्गे टपाल मद्रासला पोहोचते केले. पुढे एअर इंडिया या नावाने जगभर परिचित झालेल्या विमानसेवेचा उगम तो हा.

या संस्थेचा इतिहास हा केवळ विमानांचा इतिहास नाही. प्रथम खाजगी, नंतर राष्ट्रीय आणि पुन्हा खाजगी अशा तीन अवस्थांतून ती गेली. सार्वजनिक उपयोगाची सेवा कशाने उभी राहते आणि कशाने खचते, याचा वस्तुपाठ या प्रवासात सापडतो. म्हणूनच प्रशासन, शिक्षण व स्थानिक स्वराज्य या क्षेत्रांत काम करणाऱ्यांनी तो समजून घेणे अगत्याचे आहे.

जुहूचे मैदान, येरवड्याचा माळ

प्रारंभीची साधने अत्यंत तुटपुंजी होती. दोन लहान विमाने आणि मूठभर वैमानिक व यांत्रिक एवढाच सरंजाम होता. जुहूला पक्की धावपट्टी नव्हती. पावसाळ्यात ते सखल मैदान चिखलाने भरून जाई. अशा वेळी सर्व बिऱ्हाड पुण्यास हलवावे लागे आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळील माळावरून उड्डाणे केली जात. वाटेत मार्गदर्शन करणारी यंत्रे नव्हती. वैमानिकाने खालचे रूळ, नद्या व डोंगर पाहूनच मार्ग काढावयाचा असे.

शासनाने या सेवेस अनुदान दिलेले नव्हते. वाहून नेलेल्या टपालाच्या वजनानुसार मोबदला मिळावयाचा, एवढाच करार होता. त्यामुळे वक्तशीरपणा हेच कंपनीचे खरे भांडवल ठरले. १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात तिच्या विमानांनी सुमारे १,६०,००० मैलांचा प्रवास केला, १५५ प्रवासी व सुमारे १० टन टपाल वाहून नेले आणि ६०,००० रुपयांचा नफा मिळविला. पत्र ठरलेल्या दिवशी आलेच पाहिजे, ही शिस्त प्रवासी वाहतूक वाढण्यापूर्वीच संस्थेच्या अंगी मुरली होती.

आंतरराष्ट्रीय झेप

दिनांक २९ जुलै १९४६ रोजी टाटा एअरलाइन्सचे रूपांतर ‘एअर इंडिया’ या सार्वजनिक मर्यादित कंपनीत झाले. लवून अभिवादन करणारा, फेटा बांधलेला व भरघोस मिशांचा ‘महाराजा’ त्याच वर्षी जन्मास आला. कंपनीचे अधिकारी बॉबी कुका यांची कल्पना आणि चित्रकार उमेश राव यांची रेषा यांतून तो साकारला.

स्वातंत्र्यानंतर परदेशी सेवेसाठी ‘एअर इंडिया इंटरनॅशनल’ ही स्वतंत्र कंपनी स्थापन करण्यात आली. तिच्या भागभांडवलात केंद्र शासनाचा वाटा ४९ टक्के होता. दिनांक ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला पोहोचले. स्वातंत्र्य मिळून वर्षही पुरे झाले नव्हते, तोच भारताची स्वतःची विमानसेवा युरोपात दाखल झाली.

१९५३ च्या कायद्यान्वये दिनांक १ ऑगस्ट रोजी हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. आठ कंपन्यांची देशांतर्गत सेवा इंडियन एअरलाइन्स महामंडळाकडे आली आणि परदेशी सेवा एअर इंडिया इंटरनॅशनल महामंडळाकडे सोपविण्यात आली. राष्ट्रीयीकरणाची ही पद्धत टाटा यांना मान्य नव्हती. तरीही परदेशी सेवेचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले व १९७८ पर्यंत सांभाळले. १९६० मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. १९६२ मध्ये ‘इंटरनॅशनल’ हा शब्द गळून ‘एअर इंडिया’ एवढेच नाव राहिले. त्याच वर्षी तिचा संपूर्ण ताफा जेट विमानांचा झाला. १९७१ मध्ये ‘एम्परर अशोक’ हे पहिले जंबो जेट दाखल झाले.

विमान कंपनी चालते कशी?

विमान आहे म्हणून कोणत्याही देशात उतरता येत नाही. १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाची आपल्या आकाशावर पूर्ण सत्ता असते. म्हणून कोणत्या शहरांना, आठवड्यातून किती वेळा व किती आसनांची सेवा द्यावयाची, हे सामान्यतः दोन देशांतील द्विपक्षीय करारांनी ठरते. परदेशी सेवेचे हक्क ही अशा प्रकारे राष्ट्राची मालमत्ता असते.

दुसरी बाब आसनांची. बाजारात न विकली गेलेली भाजी दुसऱ्या दिवशी निदान स्वस्तात तरी जाते. विमानाने जमीन सोडली की त्यातील रिकाम्या आसनाची किंमत मात्र कायमची शून्य होते. विमानाचे भाडे वा कर्जावरील व्याज ते उभे असतानाही चालूच राहते. म्हणून विमान अधिकाधिक वेळ आकाशात राहावे व भरलेले असावे, यावर सारे अर्थकारण अवलंबून असते. खर्चातील सर्वांत मोठा वाटा बहुधा इंधनाचा असतो. या इंधनाला वस्तू व सेवा कर लागू नसून राज्याराज्यांचा विक्रीकर लागतो. त्यामुळे राज्य शासनाच्या धोरणाचाही या व्यवसायाशी थेट संबंध येतो. प्रवाशांच्या पायाखालील कक्षातून मालवाहतूकही होते. कोकणचा हापूस काही दिवसांत नासणारा असल्याने परदेशी बाजारपेठ गाठण्यासाठी त्याला हाच मार्ग सोयीचा पडतो.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची बाब सुरक्षिततेची. उड्डाणाचे तास व उतरण्याची संख्या यांनुसार विमानाची तपासणी ठरलेली असते. प्रत्येक दुरुस्तीची नोंद होते व जबाबदार अभियंत्याच्या स्वाक्षरीवाचून विमान हलत नाही. वैमानिकांच्या कामाचे तास व विश्रांती यांवर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम असतात. या शिस्तीचे मोल एअर इंडियाने जबर किमतीने जाणले आहे. १९६६ मध्ये माँ ब्लाँ पर्वतावरील अपघातात डॉ. होमी भाभा यांच्यासह ११७ जण मृत्युमुखी पडले. १९७८ च्या पहिल्याच दिवशी ‘एम्परर अशोक’ वांद्र्यानजीक समुद्रात कोसळून २१३ जण दगावले. १९८५ मध्ये ‘कनिष्क’ विमानात घडविलेल्या बॉम्बस्फोटाने ३२९ जणांचा बळी घेतला.

राष्ट्रीय सेवा आणि तिचा हिशेब

राष्ट्राची विमानसेवा कशासाठी असावी, याचे उत्तर १९९० मध्ये मिळाले. इराकने कुवेत व्यापल्यावर तेथे अडकलेल्या भारतीयांना जॉर्डनमधील अम्मानमार्गे मुंबईस आणण्यात आले. सुमारे दोन महिन्यांत १,११,००० हून अधिक माणसे सुखरूप परतली. नफ्याचा विचार करून असे कार्य होत नाही. २०२० मधील साथीच्या काळातही परदेशी अडकलेल्यांना आणण्याचा मोठा भार याच संस्थेने उचलला.

तथापि, अशा सेवेचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न नेहमीच स्पष्टपणे सोडविला गेला नाही. २००५-०६ च्या सुमारास एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांच्यासाठी मिळून १११ विमानांची मागणी नोंदविण्यात आली आणि २००७ मध्ये दोन्ही संस्थांचे विलीनीकरण झाले. दोघींची विमाने वेगळी, वेतनश्रेणी वेगळ्या, कार्यपद्धतीही वेगळी. कर्जाचा बोजा, नव्या खाजगी कंपन्यांची स्पर्धा आणि निर्णयांतील विलंब यांमुळे विलीनीकरणानंतर वर्षामागून वर्षे निव्वळ तोटाच होत गेला. २०१८ चा विक्रीचा प्रयत्न फसला. एकही बोली आली नाही. ऑगस्ट २०२१ अखेर कर्ज ६१,५६२ कोटी रुपयांवर पोहोचले होते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये टाटा समूहाची १८,००० कोटी रुपयांची बोली मान्य झाली. त्यांपैकी १५,३०० कोटी रुपये कर्जाच्या रूपाने नव्या मालकाने स्वीकारावयाचे होते, तर २,७०० कोटी रुपये रोख होते. उरलेले ४६,२६२ कोटी रुपयांचे कर्ज शासनाच्याच कंपनीकडे राहिले, म्हणजे अंतिमतः त्याचा भार जनतेवर पडला. दिनांक २७ जानेवारी २०२२ रोजी संस्था आपल्या मूळ घरी परतली. नरिमन पॉइंट येथील तिची प्रसिद्ध इमारत महाराष्ट्र शासनाने १,६०१ कोटी रुपयांना घेण्याच्या व्यवहारास मार्च २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली.

नव्या मालकीखाली २०२३ मध्ये ४७० विमानांची मागणी नोंदविण्यात आली व २०२४ मध्ये विस्तारा ही कंपनी एअर इंडियात विलीन झाली. परंतु दिनांक १२ जून २०२५ रोजी अहमदाबादेहून लंडनला निघालेले विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ जण आणि जमिनीवरील १९ जण त्यात प्राणास मुकले. मालकी बदलली तरी दक्षतेची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही, हे या दुर्घटनेने पुन्हा बजावले.

इतिहासाचा बोध

केवळ खाजगी मालकीने संस्था तरते वा केवळ सरकारी मालकीने बुडते, असा निष्कर्ष या इतिहासावरून काढता येणार नाही. राष्ट्रीय महामंडळ असतानाच एअर इंडियाने जगात नाव कमावले आणि सरकारी मालकीतच ती कर्जात रुतली. फरक पडला तो कारभारामुळे. तज्ज्ञांना निर्णयाचे स्वातंत्र्य होते आणि जमाखर्च स्पष्ट होता, तोवर संस्था वाढली. लोकहिताचे काम व व्यवसायाचे काम यांचे हिशेब एकमेकांत मिसळले, तेव्हा दोन्हींचे नुकसान झाले.

गावची नळपाणी योजना असो वा जिल्ह्याचे रुग्णालय, हाच न्याय तेथेही लागू पडतो. योजनेचे उद्घाटन एका दिवसात होते. तिची देखभाल मात्र रोज करावी लागते. सवलत द्यावयाची असेल तर ती उघडपणे, अंदाजपत्रकात तरतूद करून द्यावी. पंपाच्या दुरुस्तीचा पैसा तिकडे वळवू नये. अनुदानाविना सुरू झालेल्या त्या लहानशा टपालसेवेचे यश वेळ, नोंद आणि जबाबदारी या तीन साध्या गोष्टींवर उभे होते. कोणत्याही सार्वजनिक सेवेचा पाया याहून वेगळा असू शकत नाही.