खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी तळचा मासा

बैल घेण्यापूर्वी तो वैरण कशी खातो हे आपण पाहतो. मासा घेताना मात्र केवळ रंग पाहतो. नवी मुंबईस खाऱ्या पाण्याची टाकी मांडली तेव्हा आमच्या हातून हीच चूक घडली. निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी रेघांचा मँडरीन मासा आम्ही आणिला. तो स्वभावाने शांत खरा. परंतु खडकांवरील सूक्ष्म जिवंत जीव टिपणे हाच त्याचा आहार. नव्या टाकीत ते जीव पुरेसे नसतात. टाकलेल्या खाद्यास त्याने तोंड लाविले नाही व तो उपाशी मेला.

तस्मात् नवशिक्याने पिवळा गोबी घ्यावा. आपल्या खाडीतील निवटीचा हा दूरचा भाऊबंद होय. मात्र निवटीस चिखल हवा, ह्यास स्वच्छ समुद्रजल. म्हणून खाडीचे पाणी न घालता शुद्ध पाण्याच्या दर लिटरास सुमारे ३५ ग्रॅम तयार समुद्री मीठ मिसळावे.

हा मासा वाळूतील बिळात राहतो. सोबत पिस्तूल-कोळंबी असल्यास ती बीळ खणते व हा दाराशी पहारा करितो. खणण्याने दगड ढासळू नयेत म्हणून ते प्रथम तळाच्या काचेवर बसवून मग वाळू पसरावी. तो उडी मारितो, सबब वर जाळी असावी. दोन नर भांडतात, एकच ठेवावा.

प्रवाळ व समुद्रघोडा आपल्या समुद्रातून घेण्यास २००१ सालापासून कायद्याची मनाई आहे, हे ध्यानी असावे.

दुकानदारास आपल्यासमक्ष खाद्य घालावयास सांगावे. जो मासा खाईल, तोच घरी न्यावा.