पंधरा रुपयांतले आठ रुपये

शिक्षण संपल्यावर मनासारखे काम पत्करावे की चार पैसे जास्त देणारी नोकरी धरावी, हा विषय वक्तृत्व स्पर्धेत फार सोपा असतो. वक्ता 'समाधान' या शब्दावर आवाज चढवतो, टाळ्या पडतात आणि ढाल मिळते. तोच विषय घरी निघाला म्हणजे अवघड होतो, कारण तेथे टाळ्या वाजवणारे कोणी नसते आणि वाण्याची वही मात्र असते. आमच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलामुलींच्या घरात महाविद्यालयाची पायरी प्रथमच चढली गेली आहे. म्हणून हा विषय थोडा अभ्यासून मांडावा असे वाटले. त्यासाठी दोन थोर पुरुषांची चरित्रे वाचली, आणि वाचताना त्यांच्या भाषणांपेक्षा जमाखर्चाकडे अधिक लक्ष दिले.

पहिले चरित्र नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे. त्यांचा जन्म 9 मे 1866 रोजी कोतळूक येथे झाला. कोतळूक आमच्याच गुहागर तालुक्यातले, म्हणून थोडा अभिमान वाटतो, एवढे वाचकांनी सोसावे. 1879 साली त्यांचे वडील वारले, तेव्हा गोपाळ 13 वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडले आणि नोकरी धरली. पगार महिना 15 रुपये. त्यांतले 8 रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी कोल्हापूरला पाठवीत. म्हणजे निम्म्याहून अधिक! उरलेल्या 7 रुपयांत घर चाले.

1884 साली गोपाळराव एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी.ए. झाले. त्या काळी बी.ए. झालेल्या तरुणाला वकिली किंवा सरकारी नोकरी हे दोन राजमार्ग होते आणि घरच्यांचे डोळे साहजिकच तिकडे लागलेले असत. गोखले मात्र पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले. आजीव सभासद म्हणजे 20 वर्षे संस्थेची सेवा करण्याचे वचन आणि महिना 75 रुपये वेतन. ते वचन पाळून 1902 साली ते निवृत्त झाले.

या 75 रुपयांची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. परंतु त्याआधीच्या 7 रुपयांची गोष्ट कोणी सांगत नाही. गोपाळरावांनी मोठ्या पगारावर पाणी सोडले, तेव्हा तो पगार एकट्या त्यांचा होता काय? ज्या भावाने आपली पुस्तके मिटून ठेवली त्याचाही त्यात वाटा होता. गोविंदरावांनी या निर्णयाला संमती दिली. माझ्या मते गोखल्यांच्या चरित्रात त्या संमतीला एक स्वतंत्र प्रकरण हवे होते.

दुसरी एक गोष्ट अशी, की 75 रुपयांत संसार चालवणे त्या मंडळींनाही जड जात होते. गोखल्यांनी एका सहकाऱ्याबरोबर अंकगणिताचे पाठ्यपुस्तक तयार केले. ते चांगले खपले आणि त्याचे उत्पन्न त्यांना मिळत राहिले. त्यागाला अंकगणिताचा टेकू होता म्हणाना! पुढे वेतनवाढ आणि बाहेरची कामे यांवरून आजीव सभासदांतच वाद पेटला. सभासदाने आपला सारा वेळ आणि शक्ती संस्थेलाच द्यावी, असा टिळकांचा आग्रह होता. आगरकर आणि गोखले दुसऱ्या बाजूला होते. अखेर 1890 साली टिळकांनी राजीनामा दिला. वादाची इतरही कारणे होती, पण पैशाचा प्रश्न त्यात होताच. ध्येयासाठी एकत्र आलेली माणसे पगाराविषयी भांडली, हे वाचून मला वाईट वाटण्याऐवजी धीर आला. पोट त्यांनाही होते.

दुसरे चरित्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे. लंडनमधील त्यांचे शिक्षण अर्धवट राहिले होते. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 साली त्यांना परतावे लागले. करारानुसार ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. तेथे अस्पृश्यतेपायी राहायला जागासुद्धा मिळेना आणि ती नोकरी सोडावी लागली. 1918 च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार महिना 450 रुपये. परळच्या चाळीत दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम केवढी वाटली असेल! कोणीही म्हणाले असते, आता स्वस्थ बसा.

ते बसले नाहीत. लंडन विद्यापीठाने अभ्यास पुरा करण्यासाठी परत येण्यास त्यांना चार वर्षांची मुदत दिली होती. ती मुदत डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी काटकसर केली, पैसा साठवला आणि 1920 च्या मार्चमध्ये राजीनामा दिला. साठवलेला पैसा, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज एवढ्या आधारावर ते लंडनला गेले. 1923 साली ते डी.एस्सी. झाले. त्या अवधीत मुंबईतले घर रमाबाईंनी ओढले. गोविंदरावांची जागा येथे रमाबाईंकडे आली.

चांगल्या पगाराची नोकरी ध्येयाच्या आड येते असे निबंधांत लिहिलेले असते. येथे नोकरीच ध्येयाच्या कामी आली, कारण ती किती दिवस करायची हे पक्के होते. मुदत ठरली नसती तर 450 रुपयांनी त्यांना तेथेच बसवले असते की नाही, सांगवत नाही.

आता आपल्याकडे वळू. मला इतिहास शिकवायचा आहे, तोही महाविद्यालयात. गंमत अशी, की कागदावर माझे आवडते कामच अधिक पगाराचे आहे. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन 57,700 रुपये आहे, तर राज्य शासनाच्या लिपिक-टंकलेखकाचे 19,900. मग निवड कसली, असे कोणी विचारील. निवड अशी, की प्राध्यापक होण्यासाठी एम.ए. ची दोन वर्षे, मग नेट किंवा सेट, आणि त्यानंतरही कायम जागा मिळेलच असे नाही. कित्येक जण नेट-सेट होऊन तासिका तत्त्वावर शिकवतात, म्हणजे घेतलेल्या तासांचे पैसे. सुट्टी लागली की पैसे थांबले. लिपिकाच्या परीक्षेलाही गर्दी आहे, पण तिला बी.ए. आणि टंकलेखन पुरते, मराठी मिनिटाला 30 शब्द किंवा इंग्रजी 40. म्हणजे आमच्यासारख्यांपुढचा प्रश्न पैसा की समाधान एवढाच नाही. आणखी किती वर्षे दुसऱ्याच्या ताटातले खायचे, हाही आहे. (मुलीच्या बाबतीत घरी आणखी एक प्रश्न विचारला जातो. त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल.)

ते ताट माझ्या बाबतीत दादाचे आहे. तो बारावीनंतर शिकला नाही. लोटे येथील औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामावर आहे. 16,000 रुपये मिळतात, त्यांतले 5,000 माझ्या खोलीला, खाणावळीला आणि फीला जातात. गोखल्यांच्या चरित्रातील पंधरातले आठ वाचले तेव्हा मी पुस्तक थोडा वेळ बाजूला ठेवले आणि हिशेब केला. प्रमाण कमी भरले, पण मनाला बरे वाटले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी हे सारे दादापुढे मांडले. एम.ए. करायचे म्हटले तर तो नको म्हणणार नाही हे ठाऊक होते, म्हणूनच विचारणे कठीण होते. आई मध्येच म्हणाली, "तिला काय हवं ते शिकू दे." दादा मात्र लगेच काही बोलला नाही. सायकलची चेन पुसता पुसता म्हणाला, "बाय, किती वर्षं ते सांग. दोन म्हण, चार म्हण, पण आकडा सांग. म्हणजे मला बाकीचं ठरवता येईल."

आम्ही आकडा ठरवला. बी.ए. पुरे होईपर्यंत टंकलेखनाच्या दोन्ही परीक्षा द्यायच्या. मग एम.ए. ची दोन वर्षे आणि सेटचे दोन प्रयत्न, तेही लिपिकाच्या परीक्षेचा अभ्यास चालू ठेवून. तेवढ्यात जमले नाही तर मिळेल ती नोकरी धरायची आणि इतिहास रविवारी वाचायचा.

बाकीचे म्हणजे काय ठरवायचे आहे, असे मी त्याला विचारले. तेव्हा कळले, की त्याला मुक्त विद्यापीठातून बी.ए. करायचे आहे. विषय अर्थशास्त्र. चार वर्षांत हे तो घरात कोणाजवळ बोलला नव्हता. येत्या जूनमध्ये त्याचा प्रवेश अर्ज मी भरून देणार आहे. फीचे पैसे मला कमवा आणि शिका योजनेतून ग्रंथालयात काम करून मिळतात, त्यांतून साठत आले आहेत.