मावळच्या चिखलणीला कोणता बैल?

प्रश्न : पवन मावळात आमची भातशेती आहे. खिल्लार जोडी घ्यावी की डांगी? डांगी मारका असतो का?

उत्तर : डांगीच घ्या. खिल्लार देखणा आणि चपळ खरा, पण तो माणदेशाच्या कोरड्या रानाचा. अंगात तापटपणा, अनोळखी माणसाला बुजतो. लोणावळ्याकडे वर्षाला ४,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस. तिथे दिवसदिवस चिखलात राबायचं तर डांगीचं कातडं आणि खूरच हवेत. त्याच्या पाठीवरून हात फिरवून बघा, बोटं तेलकट होतील. या तेलकटपणामुळे पावसाचं पाणी अंगावरून निथळून जातं. खूर काळे, टणक. ओलीत सहसा कुजत नाहीत. स्वभाव शांत, चाल संथ. शर्यतीची हौस असेल तर मात्र निराशा होईल. गाईचं दूधही बेताचंच, एका वेताला सरासरी सव्वाचारशे लिटरच्या आसपास.

जोडी घोटीच्या बाजारात नाहीतर अकोले तालुक्यातल्या राजूरला बघा. पैसे मोजण्याआधी जू ठेवून चालवा, चारही खूर उचलून फटी तपासा. अंगावरच्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांना भुलू नका. मावळात बैल पायांवर टिकतो.